सूड, न्याय आणि शरणपुराची वेस

प्रास्ताविक

अपराध्याला शासन व्हावे ही इच्छा मुळात पापमय नाही. देव न्यायी आहे असे आम्ही कबूल करतो. ज्याला न्यायाची भूक नाही त्याला देवाच्या राज्याचीही भूक नाही असेच म्हणावे लागेल. परंतु शासन कोणी करावे, कोणत्या रीतीने करावे आणि किती घाईने करावे, हे प्रश्न प्रत्येक पिढीतील मंडळीपुढे नव्याने उभे राहतात. पोलीस वेळेवर येत नाहीत, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाला सुटतो. मग चार भल्या माणसांनी एकत्र येऊन निकाल लावला तर बिघडले कोठे, असे आमचेच सभासद उपासनेनंतर मंदिराच्या पायरीवर उभे राहून विचारतात. या प्रश्नाला 'कायदा हातात घेऊ नये' एवढे एका वाक्याचे उत्तर देऊन भागत नाही. ते उत्तर बरोबर आहे. पण ते का बरोबर आहे हे पाळकाला व धर्मशिक्षकाला सांगता आले पाहिजे.

प्रस्तुत लेखात हा विचार एका विशिष्ट इतिहासाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर 'दक्षता समित्या' या नावाने ज्या संघटना निघाल्या, त्यांचा हा इतिहास होय. तो निवडण्याचे कारण असे की, या समित्यांचे सभासद गुंड नव्हते. ते व्यापारी, वकील, कारागीर, रविवारी उपासनेस जाणारे कुटुंबवत्सल गृहस्थ होते. त्यांनी आपल्या सभांची टिपणे ठेवली, आपल्या कृत्यांची कारणे लिहून प्रसिद्ध केली आणि आपण देवाचे व समाजाचे काम करीत आहो असे मनापासून मानले. म्हणून त्यांची चूक समजून घेणे आम्हांला दरोडेखोरांची चूक समजून घेण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

सॅन फ्रॅन्सिस्को : १८५१

कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले तेव्हा सॅन फ्रॅन्सिस्को हे काहीशे वस्तीचे बंदर होते. १८५२ च्या शिरगणतीत तेथे सुमारे ३५ हजार माणसे होती. जगभरातून आलेली, बहुतांशी तरुण, एकमेकांस अनोळखी आणि लवकर श्रीमंत होऊन परत जाऊ पाहणारी अशी ही वस्ती होती. न्यायालये होती, पण अपुरी. पोलीस होते, पण थोडे. आगी लागत, चोऱ्या होत. जून १८५१ मध्ये काही शहरवासीयांनी पहिली दक्षता समिती स्थापन केली. तिची सभासदसंख्या ७०० च्या घरात गेली. त्याच महिन्यात जॉन जेन्किन्स नावाच्या माणसाला तिजोरी चोरल्याच्या आरोपावरून रात्री पकडण्यात आले, काही तासांत त्याची चौकशी झाली आणि उजाडण्यापूर्वी त्याला फाशी दिले गेले. त्या वर्षी समितीने एकंदर चार माणसांना फाशी दिले.

याच वर्षातील एक प्रकरण मनन करण्याजोगे आहे. फेब्रुवारी १८५१ मध्ये एका व्यापाऱ्याला मारहाण करून लुटण्यात आले. टॉमस बर्ड्यू नावाच्या माणसाला पकडून लोकांनी ओरडा केला की, जेम्स स्टुअर्ट हा कुप्रसिद्ध दरोडेखोर तो हाच. बर्ड्यूचे म्हणणे एवढेच होते की, आपण स्टुअर्ट नाही. जमावाने त्याला फासावर चढविण्याची तयारी केली; परंतु लोकांनीच नेमलेल्या ज्यूरीत एकमत झाले नाही, म्हणून तो वाचला. नंतर रीतसर न्यायालयानेही त्याला दोषी ठरविले, आणि मेरीजव्हिल येथील न्यायालयाने तर स्टुअर्टने केलेल्या एका खुनाबद्दल त्याला देहान्त शिक्षा सुनावली. शिक्षेची अंमलबजावणी होण्यापूर्वी, जुलै महिन्यात, खरा स्टुअर्ट सापडला. त्याला पकडणारी दक्षता समितीच होती. तिने चूक मान्य केली व बर्ड्यू सुटला.

आम्ही हे प्रकरण मुद्दाम दोन्ही बाजूंनी सांगत आहो. यात न्यायालय चुकले आणि समितीने एका निरपराध माणसाचा प्राण वाचविला, हे नाकारून चालणार नाही. न्यायाधीशही मनुष्यच असतो. परंतु बर्ड्यूला प्रत्यक्षात कशाने वाचविले, हे पाहावे. फेब्रुवारी ते जुलै एवढा अवधी मिळाला, म्हणून तो वाचला. जमावाच्या पहिल्या रात्रीच काम उरकले असते, तर खरा स्टुअर्ट सापडल्यावर क्षमा मागण्यास कोणी उरले नसते. ज्या विलंबाची लोकांना चीड येते, त्यातच कधी कधी सत्याला येऊन पोहोचण्यास वेळ मिळतो.

सॅन फ्रॅन्सिस्को : १८५६

दुसरी समिती अधिक मोठी व अधिक शिस्तबद्ध होती. १४ मे १८५६ रोजी जेम्स किंग या वृत्तपत्रसंपादकावर जेम्स केसी या स्थानिक राजकारण्याने भर रस्त्यात गोळी झाडली. किंगने केसीचा पूर्वीचा तुरुंगवास छापून उघड केला होता. केसीला तत्काळ अटक झाली व तो तुरुंगात होता. चार्ल्स कोरा नावाचा एक जुगारीही तेथेच होता. एका सरकारी मार्शलच्या खुनाबद्दल त्याच्यावर खटला झाला होता, पण ज्यूरीचे एकमत न झाल्याने फेरखटला व्हावयाचा होता. १८ मे रोजी, रविवारी, सुमारे अडीच हजार सशस्त्र माणसे तोफेसह तुरुंगापुढे उभी राहिली आणि त्यांनी दोघांना ताब्यात घेतले. २० मे रोजी किंग मरण पावला. २२ मे रोजी, त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, दोघांनाही समितीच्या इमारतीच्या खिडकीतून काढलेल्या फळीवर उभे करून फाशी देण्यात आले. मरण्यापूर्वी कोराचा विवाह त्याच्या सोबतिणीशी लावण्यात आला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावी. 'तेथे कायदा नव्हता म्हणून समिती आली' हे समर्थन १८५६ च्या बाबतीत टिकत नाही. आरोपी तुरुंगात होते, न्यायाधीश आपल्या जागी होते. समितीने कायद्याची उणीव भरून काढली असे म्हणण्यापेक्षा कायद्याच्या हातातील माणसे हिसकावून घेतली असे म्हणणेच सत्यास धरून होईल. समितीचे सभासद ६ हजारांवर गेले. राज्यपालांनी शहर बंडात असल्याचे जाहीर केले, पण त्यांच्याजवळ पुरेशी शस्त्रे नव्हती. पुढे यादवी युद्धात नावाजलेले विल्यम शर्मन तेव्हा राज्याच्या नागरी सेनेचे सेनापती होते, त्यांनी हताश होऊन राजीनामा दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती डेव्हिड टेरी यांनी झटापटीत समितीच्या माणसाला सुरा मारला, तेव्हा समितीने खुद्द न्यायमूर्तींनाच कित्येक आठवडे कोंडून त्यांच्यावर खटला चालविला. ऑगस्टमध्ये समितीने संचलन करून आपले विसर्जन केले. परंतु तिच्या पुढाऱ्यांनी काढलेल्या पक्षाने सुमारे दहा वर्षे शहराचा कारभार केला, आणि समितीचाच एक सभासद, जेम्स कर्टिस, शहराचा पोलीसप्रमुख झाला. जे आयरिश कॅथलिक कामकरी व त्यांचे राजकीय पुढारी व्यापारी वर्गाला नकोसे झाले होते, त्यांची सत्ता या निमित्ताने मोडली गेली, याकडे इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे. भ्रष्ट पुढारी खरोखर होते. मते चोरली जात होती. परंतु न्यायाच्या नावाने आरंभिलेले काम स्वार्थाच्या सोयीने संपले.

व्यासपीठावर काय घडले

पाळकवर्गाला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा भाग हा आहे. शहरातील बहुतेक प्रॉटेस्टंट पाळकांनी समितीला पाठिंबा दिला. त्यांच्या मंडळीतील मोठे वर्गणीदार समितीत होते. जवळजवळ सर्व वृत्तपत्रे समितीच्या बाजूची होती. 'हेरल्ड' पत्राने विरोध करताच व्यापाऱ्यांनी आपल्या जाहिराती काढून घेतल्या. अशा वेळी कॅल्व्हरी प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक डॉ. विल्यम अँडरसन स्कॉट यांनी उघड विरोध केला. समितीचे हेतू कितीही चांगले असोत, नेमलेल्या अधिकाराला बाजूस सारून माणसे मारण्याचा अधिकार कोणालाही नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी लोकांनी त्यांच्या चर्चबाहेर त्यांच्या पुतळ्याला फाशी दिले.

स्कॉट यांचा गौरव करून आम्ही येथेच थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. पण सत्य त्याहून गुंतागुंतीचे आहे. स्कॉट दक्षिणेकडील होते आणि गुलामपद्धतीवर उभ्या असलेल्या दक्षिणेविषयी त्यांना सहानुभूती होती. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर त्याच कारणाने पुन्हा त्यांच्या पुतळ्याला फाशी दिले गेले व त्यांना देश सोडावा लागला. नंतर ते परतले आणि १८७१ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील ईश्वरविज्ञान विद्यालयाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. एका अन्यायाच्या बाबतीत ज्याचे डोळे उघडे होते, तोच सेवक दुसऱ्या, अधिक मोठ्या अन्यायाच्या बाबतीत आंधळा राहिला. यातून आम्ही त्यांची साक्ष फेटाळीत नाही. उलट त्यांचे म्हणणे त्यांच्याच उदाहरणाने सिद्ध होते: उत्तम मनुष्याचीही दृष्टी अपुरी असते, म्हणून मरणजीवनाचा निर्णय कोणाही एका माणसाच्या किंवा गटाच्या सदसद्विवेकावर सोपविता येत नाही.

मोंटाना : कृपापत्र खिशात असलेला मनुष्य

दक्षता समित्यांचे समर्थन कोठे करता येत असेल, तर ते मोंटानात. ऑल्डर गल्च येथे मे १८६३ मध्ये सोने सापडले. जवळचे न्यायालय शेकडो मैल दूर, वाटा धोक्याच्या, वाटमाऱ्या व खून खरोखरच होत होते. डिसेंबरमध्ये जॉर्ज आइव्हज याच्यावर खाणकामगारांच्या सभेपुढे तीन दिवस उघड खटला चालला; विल्बर सँडर्स या तरुण वकिलाने जिवावर उदार होऊन तो चालविला. आइव्हजला बचावाचे वकील मिळाले, साक्षी झाल्या. निदान न्यायाचा काही आकार तेथे होता. परंतु त्यानंतर दोन दिवसांत गुप्त समिती स्थापन झाली, आणि उघड सुनावणीची ही रीत पुढे कशी सुटत गेली ते पाहण्यासारखे आहे. बॅनॅकचा शेरीफ हेन्री प्लमर हाच दरोडेखोरांचा म्होरक्या आहे असे ठरवून, १० जानेवारी १८६४ रोजी, रविवारी, त्याला व त्याच्या दोन हाताखालच्यांना खटल्याशिवाय फाशी देण्यात आले. काही आठवड्यांत वीसच्या वर माणसे मारली गेली. मार्चमध्ये जोसेफ स्लेड याला फाशी दिले. तो दारू पिऊन दंगा करी, पण मोंटानात त्याने कोणाचा खून केल्याचा आरोप नव्हता.

१८६४ च्या अखेरीस मुख्य न्यायाधीश हेझेकाया हॉस्मर येऊन न्यायालय सुरू झाले. त्यांनी समितीला तिच्या मागील कामाबद्दल दोष दिला नाही. परंतु यापुढे असे कृत्य गुन्हा समजले जाईल असे बजावले. कायदा आला म्हणजे समित्या आपोआप मिटतील, हे समर्थकांचे म्हणणे येथे कसास लागले आणि खोटे ठरले. जेम्स डॅनियल्स याने पत्त्यांच्या भांडणात एका माणसाला ठार केले होते. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांचा तुरुंगवास दिला. १८६६ च्या आरंभी प्रभारी राज्यपाल टॉमस मार यांनी त्याला मुक्त केले. तो हेलेना गावी परतला त्याच रात्री त्याला झाडाला टांगण्यात आले. राज्यपालांचे कृपापत्र त्याच्या खिशात होते असे सांगितले जाते.

हे कृपापत्र चुकीचे होते असे पुष्कळांचे मत होते, आणि कदाचित ते तसे असेलही. तथापि सुवार्तेच्या सेवकांना या चित्रापुढे थोडे थांबावे लागते. ज्याचा न्याय झाला आहे, ज्याला क्षमा मिळाली आहे, त्याला ती क्षमा मान्य नसलेल्या शेजाऱ्यांनी पुन्हा दोषी ठरविले. सूड घेणाऱ्याला न्यायाधीश जसा अपुरा वाटतो, तशी क्षमाही असह्य होते.

वारसा

या घटनांना दीडशेहून अधिक वर्षे झाली. मग त्यांचा आज संबंध काय? आमच्या मते हा वारसा तीन ठिकाणी दिसतो.

पहिले ठिकाण स्मृती व चिन्हे. मोंटानातील समितीची कथा प्रथम लिहिली ती थॉमस डिम्सडेल या तिच्या समर्थक संपादकाने, १८६६ मध्ये. म्हणजे निकाल देणाऱ्यांनीच इतिहासही लिहिला. पुढे १८७९ मध्ये हेलेना येथे '३-७-७७' असे गूढ आकडे गुंडांना ताकीद म्हणून रंगविले गेले. त्यांचा अर्थ आजही निश्चित ठाऊक नाही. १ ऑगस्ट १९१७ रोजी ब्यूट येथे फ्रँक लिटल या कामगार संघटकाला मध्यरात्री बिछान्यातून ओढून नेऊन फाशी देण्यात आले. त्याच्या देहावर टाचलेल्या कागदावर हेच आकडे होते. तो दरोडेखोर नव्हता. खाणमालकांना नकोसा होता. आणि १९५६ मध्ये मोंटानाच्या महामार्ग पोलिसांनी हेच आकडे आपल्या गणवेशावरील चिन्हात घेतले. हेतू परंपरेचा सन्मान करण्याचा होता. परंतु ज्याचे काम माणसाला न्यायालयापर्यंत सुखरूप पोहोचविण्याचे, त्याच्या दंडावर न्यायालयाला वगळणाऱ्यांची खूण यावी, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. १९९३ मध्ये व्हर्जिनिया सिटी येथे हेन्री प्लमरवर मरणोत्तर खटला चालविण्यात आला. ज्यूरीत सहा विरुद्ध सहा अशी मते पडली. असा आरोपी जिवंत असता तर त्याला त्या ज्यूरीच्या मतावर फाशी देता आले नसते.

दुसरे ठिकाण पोलीस दलाच्या सवयी. सरहद्दीवर शिपाई, जमीनदार आणि सशस्त्र नागरिक यांच्यातील सीमा पुसट होती. टेक्सास रेंजर्स हे सरकारी दल अशाच परिस्थितीत वाढले. २८ जानेवारी १९१८ रोजी पोर्वेनिर या सीमेवरील खेड्यात रेंजर्सनी स्थानिक पशुपालकांच्या साथीने १५ मेक्सिकन वंशाचे पुरुष व मुले यांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. १९१९ मध्ये विधानसभेचे सभासद होसे कनालेस यांच्या आरोपांवरून चौकशी झाली, दल कमी करण्यात आले, काही नियम झाले. येथे जमावाने कायदा हातात घेतला असे म्हणता येत नाही. कायद्याच्या हातानेच जमावाची रीत उचलली होती. दक्षिणेकडे याला आणखी जुने मूळ होते: गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्ती साउथ कॅरोलायनात १७०४ पासून कायद्याने नेमल्या जात. यादवी युद्धानंतर तेथे झुंडीने माणसे मारणे हे कृष्णवर्णीयांना दहशतीखाली ठेवण्याचे साधन झाले. १८७७ ते १९५० या काळात अशा ४४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद संशोधकांनी केली आहे. झुंडबळीला संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरविण्याचा पहिला प्रस्ताव १९०० साली आला. तसा कायदा झाला तो २९ मार्च २०२२ रोजी.

तिसरे ठिकाण कायद्याची पुस्तके. जॉर्जिया राज्यात १८६३ पासून एक कलम होते: गुन्हा घडल्याचा संशय असल्यास खासगी नागरिकालाही दुसऱ्याला पकडता येई. २३ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रन्सविकजवळ अहमॉद आर्बरी हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण रस्त्याने धावत असता तीन गोऱ्या माणसांनी गाड्यांतून त्याचा पाठलाग केला आणि त्याला गोळी घालण्यात आली. एका सरकारी वकिलाने याच कलमाचा आधार देऊन अटकेची गरज नाही असे लिहिले. दोन महिन्यांहून अधिक काळ कोणालाही अटक झाली नाही. चित्रफीत उघड झाल्यावर खटला झाला. बचावाच्या एका वकिलाने न्यायालयात कृष्णवर्णीय पाळक बसतात यावर आक्षेप घेतला, तेव्हा १८ नोव्हेंबर २०२१ रोजी शेकडो पाळक न्यायालयाबाहेर प्रार्थनेसाठी जमले. २४ नोव्हेंबरला तिघेही दोषी ठरले. ते जुने कलम राज्याने त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केले होते. १८५६ चे पाळक न्यायालय डावलणाऱ्यांस आशीर्वाद देत होते. २०२१ चे पाळक न्यायालयाच्या दाराशी शोकग्रस्त कुटुंबाजवळ उभे राहून न्यायालयाचा निकाल येण्याची वाट पाहत होते. या दोन चित्रांतील फरक आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा.

शास्त्राची साक्ष

पवित्र शास्त्र सूडाच्या भावनेकडे दुर्लक्ष करीत नाही. गणना ३५, अनुवाद १९ व यहोशवा २० या अध्यायांत रक्तपाताचा सूड घेणाऱ्या आप्ताचे अस्तित्व गृहीत धरलेले आहे. त्याचे दुःख खरे आहे. परंतु त्याच्या व पळणाऱ्या माणसाच्या मध्ये देवाने सहा शरणपुरे ठेविली: यार्देनेच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. तेथे जाण्याचे रस्ते तयार ठेवावेत अशी आज्ञा होती. पळून आलेल्याने नगराच्या वेशीत उभे राहून वडिलांना आपली हकिकत सांगावयाची, आणि मंडळीपुढे न्याय होईपर्यंत त्याला कोणी मारावयाचे नाही. ही सोय इस्राएलाप्रमाणे परदेशीयासही होती. शरणपूर म्हणजे अपराध्याला मोकळीक नव्हे. बुद्धिपुरस्सर खून करणाऱ्याला चौकशीनंतर तेथून परत आणले जाई, आणि एकाच साक्षीदारावरून कोणाला मारता येत नसे. शरणपुराने राखली ती केवळ एक जागा आणि एक अवधी, ज्यात सत्य विचारले जाईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकजवळच्या ख्रिस्ती वसाहतीला मिशनरींनी 'शरणपूर' हे नाव दिले आणि पुढे तेथे मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांस आसरा मिळाला, हे मराठी मंडळीने विसरू नये.

नव्या करारात निकदेमाने न्यायसभेत हाच मुद्दा मांडला: माणसाचे ऐकून घेतल्यावाचून नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? (योहान ७) सभेने त्याची थट्टा केली. पुढच्याच अध्यायात धोंडे घेतलेल्या लोकांपुढे प्रभूने वाकून जमिनीवर लिहिले. त्याने काय लिहिले ते सांगितलेले नाही. पण त्या लिहिण्याने एक अवधी उत्पन्न झाला आणि त्या अवधीत हातांतील धोंडे गळून पडले. कॅलिफोर्नियातील डाउनीव्हिल येथे ५ जुलै १८५१ रोजी जोसेफा नावाच्या मेक्सिकन स्त्रीला एका खाणकामगाराच्या खुनाबद्दल त्याच दिवशी फाशी देण्यात आले. ती गर्भवती आहे असे सांगू पाहणाऱ्या डॉक्टरला जमावाने हाकून लावले. तेथे तो अवधी कोणी मिळू दिला नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला यरुशलेमेतील जमावापासून वाचविणारा रोमी सरदार होता. चाळीसांहून अधिक माणसांनी कोठडीतील पौलाला मारण्याची शपथ घेतली, तेव्हा त्या सरदाराने ४७० शिपायांच्या पहाऱ्यात त्याला रातोरात हलविले. त्या कटवाल्यांनाही आपण देवाचे काम करीत आहो असेच वाटत होते. तुरुंगापुढे तोफ आणणाऱ्या सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सज्जनांनी हा अध्याय वाचला नव्हता असे नाही. पण आपण त्यात कोणत्या बाजूस उभे आहो हे त्यांच्या ध्यानात आले नाही. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायाच्या शेवटी सूड देवावर सोपविण्यास सांगून, १३ व्या अध्यायाच्या आरंभी पौल अधिकाऱ्याच्या हातातील तरवारीचे कारण सांगतो. अध्यायांची विभागणी पुढे माणसांनी केली. विचार सलग आहे. व्यक्तीने टाकून दिलेला सूड अधिकारी स्वतःच्या रागाने घेत नाही. तो देवाचा सेवक म्हणून, म्हणजे स्वतः उत्तरदायी राहून, शासन करतो. म्हणून पोर्वेनिरसारखे कृत्य गणवेशात झाले तरी या शास्त्रभागाचे पांघरूण त्याला मिळत नाही.

मग अधिकारी भ्रष्ट असेल तर? अहाबाच्या राज्यात नाबोथाला रीतसर खटला करूनच मारले होते. आमच्या मते याचे उत्तर कॅलिफोर्नियातच जन्मलेले तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी आपल्या १८८६ च्या इतिहासग्रंथात सुचविले आहे. लोकांनी केलेली ही झटपट शासने समाजाच्या आधीच्या हेळसांडीचे फळ होत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जे नागरिक धंद्याच्या नादात मतदान, ज्यूरीचे काम, करभरणा व नगरसेवा टाळीत होते, तेच पुढे दोर घेऊन धावले. ही पश्चात्तापाची भाषा आहे. एलीया नाबोथाच्या मळ्यात अहाबासमोर उभा राहिला. त्याने राजवाड्यावर जमाव नेला नाही. न्यायसंस्था बिघडली असेल तर तिच्या तोंडावर सत्य बोलणे आणि ती सुधारण्याचे कंटाळवाणे काम करणे, हाच मार्ग राहतो.

आमच्या सेवेसाठी बोध

हा केवळ परदेशीचा इतिहास नाही. खासगी व्यक्तीने अटक करण्याची जी तरतूद जॉर्जियात होती, तिच्याच कुळातील तरतूद इंग्रजी कायद्यातून आमच्याकडेही आली: पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०. परंतु तिच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. गुन्हा आपल्यासमक्ष घडलेला असावा, तो दखलपात्र व अजामीनपात्र असावा, किंवा ती व्यक्ती फरारी म्हणून जाहीर झालेली असावी. आणि पकडलेल्यास विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. संशयावरून पकडण्याचा किंवा मारण्याचा अधिकार त्यात कोठेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. ते भिक्षेसाठी आलेले परगावचे लोक होते. त्यांच्यासाठी त्या दिवशी वेस उघडली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला स्वतंत्र कलम आहे. कायदा आला हे चांगले झाले. परंतु मोंटानाचा अनुभव सांगतो की, कायदा आल्याने मन बदलतेच असे नाही.

म्हणून पाळक व धर्मशिक्षक यांनी चार गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. पहिली, अफवा आपल्या तोंडून किंवा आपल्या फोनवरून पुढे जाऊ देऊ नये. उपासनेच्या सूचनांत तर नाहीच. दुसरी, एखाद्या चोराला लोकांनी चोपले किंवा आरोपी चकमकीत मारला गेला असे कळल्यावर मंडळीत जो संतोष व्यक्त होतो, त्यात सामील होऊ नये. त्याच वेळी पीडिताच्या घरी जाऊन बसावे, कारण पीडिताकडे पाठ फिरवून सांगितलेला संयम पोकळ वाटतो. तिसरी, मंडळीच्या शिस्तीच्या प्रकरणांत आरोपीचे ऐकून घेण्याची व दोघा-तिघा साक्षीदारांची शास्त्रीय रीत कसोशीने पाळावी. ज्या पंचांना मंदिराच्या खोलीत धीर धरवत नाही, त्यांना रस्त्यावर तो धरवणार नाही. चौथी, जमाव जमलाच तर पोलिसांस कळवून, शक्य असल्यास, त्या माणसाजवळ जाऊन उभे राहावे.

ही चौथी गोष्ट आम्ही लिहून गेलो, पण ती करणे किती कठीण आहे याची आम्हांस जाणीव आहे. ज्यांच्यासमोर उभे राहावयाचे ते आपलेच सभासद असतील, आणि ज्याच्यासाठी उभे राहावयाचे तो खरोखरच अपराधी असू शकेल. डॉ. स्कॉट यांना आपल्याच शहरातील शेजाऱ्यांच्या हातून आपला पुतळा टांगलेला पाहावा लागला, आणि केसी निर्दोष होता असे त्यांना म्हणता येत नव्हते. शरणपुराच्या वेशीतील वडिलांनाही, येणारा निर्दोष आहे की नाही हे आधी ठाऊक नसे. त्यांनी प्रथम त्याला आत घ्यावयाचे, मग विचारावयाचे, असाच क्रम देवाने लावून दिला होता.